साडभाऊंची बिनरिव्हर्सची सुपरकार

गोंदिया जिल्ह्यात आजवर जेवढ्या सुपरकार तयार झाल्या, तेवढ्या सगळ्या आमच्या साडभाऊंनी तयार केल्या. तेवढ्या म्हणजे एक. पण हा आकडा लहान आहे असे त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. "अजी, जास्त कायले बनवाच्या?" ते विचारत. "ज्याले विकाची राहते तो ढिगानं बनवते. आपली लिमिटेड हाये." हा 'लिमिटेड' शब्द त्यांना न्हाव्याच्या दुकानात सापडला. अर्ध्या दाढीला साबण लागलेला असताना एका हिंदी वर्तमानपत्राच्या रविवारच्या रंगीत पानावर त्यांनी एका परदेशी गाडीचे चित्र पाहिले. गाडी लाल, दोन माणसांची, जमिनीला पोट टेकवून बसल्यासारखी. शर्यतीसाठी शोधलेली सगळी विद्या रस्त्यावरच्या गाडीत उतरवली आहे आणि अशा मोजक्याच गाड्या निघणार आहेत, असे खाली छापले होते. साडभाऊंनी ते वाचले, न्हाव्याचा हात धरून थांबवला आणि आरशातल्या स्वतःला म्हणाले, "एवढंच ना?" मग तसेच उठून गेले. हे मला न्हाव्यानेच सांगितले. उरलेली दाढी त्यांनी दुसऱ्या दिवशी केली.

साडभाऊ म्हणजे माझे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही फुलचूरला एकाच गल्लीत राहत होतो, त्यांचे घर गल्लीच्या शेवटी, माझे तोंडाशी. ते राईस मिलमध्ये मिस्त्री होते आणि मी कॉलेजात इतिहास शिकवत असे. ते मला प्रोफेसर म्हणत, पण खाऊन-पिऊन नांगराला न चालणाऱ्या बैलाकडे बघून शेतकरी ज्या सुरात बोलतो त्या सुरात. त्यांच्या स्वभावाचे एका वाक्यात वर्णन करायचे तर हा माणूस कधी मागे येत नसे. ही अलंकारिक भाषा नाही. घरातून निघाल्यावर चष्मा विसरल्याचे लक्षात आले तर ते फाटकाबाहेर उभे राहून बायकोला तो फेकायला सांगत. दोन चष्मे त्यात गेले. एकदा आमगावला एका लग्नाला गेले असताना गप्पांच्या नादात मांडव मागे राहिला. कोणीही वळला असता. साडभाऊ सरळ पुढच्या मांडवात शिरले, जेवले, अनोळखी नवरा-नवरीला आशीर्वाद दिला, आहेराचा पितळी गंजही, म्हणजे पातेलेही, तिथेच देऊन आले. आणखी एकदा त्यांनी पाहुण्यांना ठासून सांगितले की नागऱ्याचे महादेवाचे देऊळ रस्त्याच्या डाव्या हाताला लागते. ते उजव्या हाताला लागते. त्यानंतर ते नागऱ्याला जाताना लांबचा फेरा मारून पलीकडच्या बाजूने गावात येऊ लागले. तिकडून ते डावीकडेच लागते.

तर अशा माणसाला शर्यतीची विद्या कुठून यावी? ती त्यांना इटलीहून आणावी लागली नाही. तिरोड्याच्या अलीकडे त्यांचे गाव आहे, आणि त्या गावाचा शंकरपट पंचक्रोशीत नावाजलेला होता. धान घरात आले की आमच्याकडे बैलांच्या शर्यती भरत, त्यालाच पट म्हणतात. दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात, ज्या सरळ पट्टीवरून पळतात तिला दान म्हणतात, आणि गाडी हाकणारा तो धुरकरी. पट हा नुसता खेळ नव्हता. त्या दिवशी लेकीबाळी माहेरी येत, जावई येत, सोयरे येत, दुपारी दानीच्या कडेला उभ्याउभ्या पोरी दाखवल्या जात. ज्याच्या घरी पटाला पाहुणे आले नाहीत त्याच्या घरात काहीतरी बिनसले आहे असे गाव समजून चाले. साडभाऊ तरुणपणी या पटातले नामांकित धुरकरी होते. एका वर्षी ते दानीवर पडले, पाय मोडला, आणि ते दवाखान्यात असताना त्यांच्या मोठ्या भावाने पटाची जोडी विकून टाकली. भाऊ म्हणाला, "पाय गेला, आता जीव घालवाचा हाये का तुले?" साडभाऊ म्हणाले, "माह्या पायाचं मी पाहतो. माही जोडी कायले इकली?" शब्दाला शब्द लागला, आणि भर चावडीवर साडभाऊ बोलून गेले की आता या दानीवर पाय ठेवीन तर स्वतःची पटाची गाडी घेऊनच ठेवीन, नाहीतर ठेवणार नाही. मोडक्या पायाचा, बिनबैलाचा माणूस गाडी कुठून आणणार होता? लोक हसले. साडभाऊ गोंदियाला मिलमध्ये लागले आणि पुढे कितीतरी वर्षे पटाला गावी गेले नाहीत.

याची शिक्षा मात्र आमच्या बाईंना झाली. बायकोच्या थोरल्या बहिणीला आमच्याकडे अकडसासू म्हणतात आणि तिच्याशी जपून वागतात. मी त्यांना नुसते बाई म्हणत असे. पटाच्या दिवशी त्यांच्या सगळ्या बहिणी त्या गावी जमत, कारण त्यांची एक बहीण त्याच गावात दिली होती. मीही बायकोला घेऊन जात असे. बाई तेवढ्या फुलचूरला घरी राहत. "तुम्ही एकट्या चला ना आमच्यासोबत," मी दरवर्षी म्हणायचो. त्या दरवर्षी म्हणायच्या, "अन् लोकायनं इचारलं, नवरा कुठं हाये, त काय सांगू? बसला हाये तोंड फुगवून?" मग त्या आमच्याबरोबर डबा भरून अनारसे पाठवत. बाईंच्या अनारशांना दरवर्षी पट पाहायला मिळाला.

त्यामुळे न्हाव्याच्या दुकानात साडभाऊंना जे दिसले ते काय होते, हे मला उशिरा कळले. शर्यतीची गाडी बैलाशिवाय असू शकते, हे त्यांना तिथे पहिल्यांदा दिसले.

गाडी बनायला लागलेल्या वर्षांचा हिशेब ठेवणारा माणूस मी नव्हे. पण सुरुवातीला ज्या मुलांनी 'काका काय करून राहिले' म्हणून कुंपणावरून डोकावून पाहिले होते, ती मुले गाडी पुरी झाली तेव्हा स्वतःच्या मुलांना कुंपणावर चढवून दाखवत होती. इंजिन एका जुन्या दणकट मोटरसायकलीचे होते. चाके कुठली होती हे विचारू नये असा संकेत होता. सांगाडा हलक्या नळ्यांचा, त्यावर मिलच्या कोठीचा काढून टाकलेला पत्रा ठोकून ठोकून बसवलेला. रंग मात्र खास होता. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो लाल रंग त्यांनी डबेच्या डबे आणून गाडीला फासला आणि दिव्यांभोवती बेगड चिकटवली. गाडीच्या प्रत्येक अवयवामागे पटाचा दाखला होता. दारे का नाहीत? "धुरकऱ्याले दार राहते का?" वर छप्पर का नाही? "हवा लागाले पायजे." गाडी इतकी हलकी का, की तिचे एक टोक मी एकटा उचलू शकतो? यावर ते खूश होत. "पटाची गाडी अशीच राहते, प्रोफेसर. बैलाले समजलं नाई पायजे मागं काई हाये म्हणून." इथे बैल नाहीत, ही गोष्ट मी त्यांच्या लक्षात आणून दिली. त्यांनी इंजिनाकडे बघून आवाज खाली आणला. "त्याले भी समजलं नाई पायजे."

आणि गाडीला रिव्हर्स नव्हता. मोटरसायकलीच्या इंजिनाला तो मुळातच नसतो, बाहेरून बसवावा लागतो. मिलमधल्या एकाने तो बसवून द्यायची तयारीही दाखवली होती. साडभाऊंनी त्याच्या हातातला घरच्या चहाचा कप काढून घेऊन त्याला परत पाठवले. "पटात मांगं येणारी जोडी पायली का कोणी? सुटली का सुटली. मांगं येते ते म्हैस." शिवाय दान सरळ असते म्हणून गाडीला वळायचीही फारशी सवय लावली नव्हती. आता आमची गल्ली शेवटी बंद आहे. गाडी गल्लीत नाकाने शिरली तर बाहेर निघायला जागा नाही. तेव्हा साडभाऊंनी ठरवले की गाडीचे तोंड नेहमी रस्त्याकडे राहील आणि ती गल्लीत पाठीने येईल. आता पाठीने येईल म्हणजे आम्ही आणू. संध्याकाळी फेरी मारून ते गल्लीच्या तोंडाशी थांबत आणि ट्रकचा भोंगा वाजवत. हा भोंगा त्यांनी गाडीच्या आधी घेतला होता. भोंगा वाजला की दारे उघडत. मी, समोरचे पोस्टमन, एक किराणावाला आणि जो कोणी आंघोळीहून आलेला नसेल तो, असे आम्ही गाडीच्या नाकाला हात लावून तिला गल्लीतून मागे ढकलत नेत असू, आणि साडभाऊ आमच्याकडे तोंड करून स्टिअरिंगवर बसलेले असत, राजासारखे, आपल्याच प्रजेपासून हळूहळू दूर जात. "यापेक्षा रिव्हर्स बसवा ना!" पोस्टमन धापा टाकत म्हणायचे. "रिव्हर्स बसवला त तुमी भेटाल का रोज?" साडभाऊ विचारायचे. ते खरेच होते. त्याआधी एकाच गल्लीत राहून मी पोस्टमनना फक्त दिवाळीला भेटत होतो.

परिवहन कार्यालयात मला बरोबर नेले होते, इंग्रजी शब्द आले तर सांगायला. तिथले साहेब नवे आणि सौम्य होते. ते गाडीभोवती फिरले, खाली वाकून पाहिले, आणि त्यांना ती मनापासून आवडली असावी असे मला वाटले. "काका, गाडी छान आहे," टेबलाशी परत आल्यावर ते म्हणाले, "पण रिव्हर्स नाही तर नोंदणी होत नाही. तेवढं बसवून आणा, बाकीचं मग पाहू." मी सुटकेचा श्वास टाकला. साडभाऊ म्हणाले, "नाई जमत."

"कशाला हट्ट करता? छोटंसं काम आहे."

"साहेब, तुमी लग्न केलं, नोकरी केली. कुठं रिव्हर्स होता?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी इतिहासाचा माणूस, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. शेवटी साहेब म्हणाले की बिननंबराची गाडी हमरस्त्यावर दिसली तर जप्त करावी लागेल. साडभाऊ म्हणाले, जरूर करा, पण न्यायला चार माणसं आणा, ते पुढून ढकलावं लागते. अशा रीतीने आमची सुपरकार कायद्याच्या बाहेर राहिली आणि फुलचूरच्या अंतर्गत रस्त्यांवरून रोज संध्याकाळी कायद्याला लांबून बघून येऊ लागली. तिच्यात दोन जागा होत्या. दुसरी जागा कायम रिकामी असे. बाईंनी सांगून टाकले होते, "या डब्यात मी बसनार नाई. बिना दाराच्या गाडीत काय, कांद्याचं पोतं हाओ का मी?"

गाडी तयार झाली तेव्हा साडभाऊंना गावी जाण्यात काहीच अडचण नव्हती, फक्त एक सोडून. त्याच सुमारास कोर्टाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली आणि पट बंद झाला. इतकी वर्षे गाडी नव्हती म्हणून दान दुरावली होती. आता गाडी आली आणि दानच राहिली नाही. त्या हिवाळ्यात संध्याकाळचा भोंगा वाजेनासा झाला. गाडी घराशी तोंड रस्त्याकडे करून उभी असे आणि साडभाऊ तिच्या शेजारी खुर्ची टाकून, तेही तोंड रस्त्याकडे करून. मी त्यांना असे कधी पाहिले नव्हते. नेहमी भांडणारा माणूस गप्प बसला की गल्लीत वीज गेल्यासारखे वाटते.

पटाच्या दिवसाच्या आदल्या दिवशी माझी बायको निरोप घेऊन त्यांच्याकडे गेली. पट नसला तरी पाहुणे येणार होते, जेवण होणार होते. तिने सहज सांगितले की गावच्या बहिणीने मोठ्या भाऊजींना, म्हणजे साडभाऊंच्या भावाला, विचारले होते, यंदा तरी धाकट्याला बोलवा. त्यावर ते म्हणाले, "आता रिकाम्या दानीवर येऊन काय करते तो? त्याच्यासारखीच पडली हाये ते."

साडभाऊ खुर्चीवरून उठले. "उद्या सकाळी निंघून राहिलो," ते म्हणाले.

"कशानं?" माझ्या बायकोने विचारले.

त्यांनी गाडीकडे बोट केले. मग घरातून बाईंचा आवाज आला. त्या आत अनारसे तळत होत्या. "मी भी येईन," त्या म्हणाल्या. "पण डोक्याले बांधाले कपडा द्या काहीतरी. केस काई धुरकऱ्याचे नाई माहे."

तो प्रवास मी स्कूटरवरून पाहिला. मागे माझी बायको, तिच्या मांडीवर अनारशांचा डबा. मी सुपरकारला दोनदा ओव्हरटेक केले आणि दोन्ही वेळा बायकोने पाठीत गुद्दा मारून मला मागे यायला लावले. वाटेत रेल्वे फाटक लागले. ते पडत असताना साडभाऊंनी ब्रेक दाबला, पण गाडीचे नाक दांड्याखालून आत गेले आणि तिथेच राहिले. फाटकवाला ओरडत आला, "अरे, पीछे लो! पीछे लो!" "नहीं आती," साडभाऊ शांतपणे म्हणाले. शेवटी फाटकवाला, दोन दूधवाले आणि एक नवरदेवासारखा दिसणारा तरुण, असे सगळे दांड्याखालून वाकून गेले आणि नाकाला हात लावून गाडी मागे ढकलली. बाई डोक्याचा रुमाल सावरत म्हणाल्या, "थोडं हळू, बापा, अनारसे..." मग त्यांना आठवले की डबा स्कूटरवर आहे. त्या हसू लागल्या. मी बाईंना इतक्या मोकळ्याने हसताना पाहिले नव्हते. तिरोड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या लांबून दिसू लागल्या तरी त्यांचे हसणे थांबले नव्हते.

गावाबाहेर दान रिकामी होती. दोन्ही बाजूंना मात्र लोक होते. कशासाठी आलो हे कोणालाच सांगता आले नसते. पोरे बसली होती, बाया उभ्या होत्या, एक भजीवाला कढई तापवत होता, आणि पट होऊ नये म्हणून ठेवलेला एक शिपाई भजी खात होता. दानीच्या सुटायच्या टोकाला खुर्चीवर साडभाऊंचे मोठे भाऊ बसले होते. पटाची झेंडी कित्येक वर्षे त्यांच्याच हातात असे. लाल गाडी भोंगा वाजवत दानीवर चढली तशी सगळी माणसे उभी राहिली. शिपाई बोटे पुसत धावत आला.

"काका, पट बंद आहे. शर्यतीला मनाई आहे."

"बैल दिसून राहिले का तुले?"

"नाही, पण..."

"कोर्टानं बैलाले मना केलं. माह्यात बैल दिसते का?"

"त्याच्यात दिसते, साहेब," शेजारच्या जागेवरून बाई नवऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, "पण कागदोपत्री नाई."

लोक हसले. शिपाईही हसला आणि ते लपवायला भजीवाल्याकडे परत गेला. हसू ओसरले तेव्हा सगळे एकाच माणसाकडे बघत होते. मोठे भाऊ खुर्चीतच होते. त्यांनी गाडीकडे पाहिले, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, जसे जोडी पाहतात तसे. साडभाऊंनी त्यांच्याकडे पाहिले नाही. ते समोर दानीकडे बघत इंजिन गुरगुरवत होते. मी जवळ उभा होतो, मला वाटले आता हा माणूस तसाच सुटेल, कोणाची वाट न बघता, आणि सगळे पुन्हा जिथल्या तिथे राहील. तेवढ्यात भावाने खुर्चीखाली हात घातला आणि झेंडी बाहेर काढली. पट बंद होता. तरी त्यांनी ती बरोबर आणली होती.

झेंडी पडली आणि आमची लिमिटेड सुपरकार सुटली. वेग किती होता मला सांगता येणार नाही, आणि साडभाऊंनी जो सांगितला तो मी इथे लिहिणार नाही. धूळ उठली, बेगड चमकली, बाईंचा रुमाल उडून एका बाभळीवर गेला. पटात दानीच्या शेवटी जोडी अडवायला माणसे उभी असतात, कारण पळते बैल आपोआप थांबत नाहीत. त्या दिवशी कोणी तसे सांगितलेले नव्हते. पण गाडी टोकाला आली तशी आता केस पांढरे झालेली ती जुनी माणसे आपोआप पुढे धावली, हात पसरून. साडभाऊंनी ब्रेक दाबला, उरलेले काम त्या माणसांनी केले. एकाने गाडीच्या नाकाला दोन्ही हातांनी धरून ठेवले आणि दुसरा तिच्या पत्र्यावरून हात फिरवत राहिला, "हो, हो, हो" करत.

मोठे भाऊ काठी टेकत दानीवरून सावकाश चालत आले. गर्दीने वाट दिली. त्यांनी गाडीचे एक टोक धरून जरासे उचलून पाहिले.

"हलकी हाये," ते म्हणाले. पटाच्या गाडीबद्दल यापेक्षा मोठे बोलता येत नाही.

साडभाऊंनी इंजिन बंद केले.

"मांगं कशी येते?"

"येत नाई."

भावाने मान हलवली, जणू त्यांना तेच ऐकायचे होते. मग त्यांनी काठी बाईंच्या हातात दिली, गाडीच्या नाकाला दोन्ही पंजे लावले आणि ढकलायला लागले. मग सगळे लागले. साडभाऊ स्टिअरिंगवर बसून भावाकडे बघत, आणि भाऊ ढकलत साडभाऊंकडे बघत, असे ते दोघे एकमेकांसमोर सबंध दान मागे आले. त्या दिवशी कोणी कोणाची माफी मागितली नाही. जेवताना दोघांचे भाजीत मीठ कमी की जास्त यावरून जोरात भांडण झाले, आणि बाई आपल्या बहिणींमध्ये बसून ते ऐकत अनारसे वाटत होत्या.

नंतर काही वर्षे गल्लीत भोंगा नियमित वाजत राहिला आणि दुसरी जागा बहुतेक भरलेली असे. आता साडभाऊ नाहीत. गाडी भावाने ट्रॅक्टरवर घालून गावी नेली. ती बैलांच्या कोठ्यात उभी आहे, तोंड दाराकडे करून, आणि पोळ्याला तिला नव्याने रंग देतात. बाईही बरेच दिवस तिकडेच असतात. रिव्हर्स अजून कोणी बसवलेला नाही, तसे सुचवायचीही कोणाची हिंमत नाही.

इकडे फुलचूरला कधी संध्याकाळी एखादा ट्रक वाट चुकून गल्लीच्या तोंडाशी येतो आणि भोंगा वाजवतो. समोरचे दार उघडते, पोस्टमन बाहेर डोकावतात. किराणावाला तराजू खाली ठेवतो. मीही चपला घालून फाटकापर्यंत जातो. ट्रक रिव्हर्स घेऊन निघून जातो. मग आम्ही एकमेकांना हात करतो आणि घरात परत येतो. मला मागे यायला कोणी ढकलायची गरज नसते, तरी जरा वेळ लागतो.